साहेबांचा नंबर एक

दोन हजार सोळाच्या एप्रिलमध्ये आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांची ज्येष्ठता यादी निघाली. माणसांची निघते तशीच, सही-शिक्क्यानिशी, जावक क्रमांक टाकून. मी छत्तीस वर्षे सरकारी नोकरी केली, पण यंत्रांना सेवाज्येष्ठता लावलेली तेव्हाच पाहिली. निवृत्तीला जेमतेम दोन महिने उरले होते. त्याआधी हे बघायला मिळाले, हे भाग्यच म्हणायचे.

आमचे ऑफिस टँकरचे. दुष्काळात कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा, याचे प्रस्ताव आमच्याकडे येत आणि आमच्याकडून वर जात. पूर्वी आम्ही गुलमंडीच्या मागे निजामाच्या काळातल्या दगडी इमारतीत बसायचो. भिंती दोन हात जाड, मे महिन्यातही माठातले पाणी दात आंबवेल इतके गार. मग शहर वाढले आणि शहराबरोबर ऑफिसही वाढले पाहिजे असे कोणीतरी ठरवले. तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. बीड बायपासच्या पलीकडे, जिथे माझ्या लहानपणी ज्वारी डोक्याच्या वर जायची, तिथे काचेची चार मजली इमारत उभी राहिली. प्रत्येक मजल्यावर नळ होते. नळांना पाणी नव्हते. टँकरच्या ऑफिसला पाणी टँकरनेच यायचे, आणि तो उशिरा आला की आम्ही सगळे फार रागवायचो. टँकरला उशीर होणारच, हे खेड्यातल्या लोकांना कसे कळत नाही, असे आम्हीच त्यांना रोज सुनावायचो.

नव्या इमारतीत कॉम्प्युटरच्या वायरी ओढायचे काम कडुबाकडे आले. कडुबा पूर्वी टेलिफोनच्या खांबांवर चढायचा. खांब गेले तसा तो खाली उतरला आणि हे शिकला. पन्नाशीचा, फुलंब्रीकडचा, मेंढरे राखणाऱ्या घरातला माणूस. त्याने साहेबांच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटावर, एक काळे डबडे बसवले. केबिनमध्ये अशासाठी, की किमती वस्तू साहेबांच्या नजरेखाली असावी असा दंडक होता.

मी विचारले, "कडुबाभाऊ, हे करतं काय?"

"नंबर वाटतं, ताई. मशीन चालू झालं की आधी बोंब मारतं, मी आलोय, कोणी हाय का इथं? त्याला ह्याचं नाव ठाऊक नसतं, पत्ता ठाऊक नसतो. नुसती बोंब. मग हे डबडं म्हणतं, मी हाय, हा घे नंबर. मशीन म्हणतं, बरं, हाच घेतो. डबडं म्हणतं, झाला तुझा, उद्या सकाळपर्यंत. अन् आपल्याकडं टिपून ठेवतं. संगं हेबी सांगतं, की बाहेर जायचं दार कोणत्या नंबरला हाय."

"आणि मुदत संपली की?"

"संपायच्या आधीच मशीन इचारतं, ठेवू का आजून? ठेव म्हणलं की ठेवलं. मशीन आलंच नाय, तर नंबर मोकळा. दुसऱ्याला द्यायचा."

मला हे कळायला वेळ लागला नाही. बाहत्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. आईबरोबर लासूर स्टेशनच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर जायची. सोमवारी सकाळी बायका बांधावर उभ्या राहून ओरडायच्या, मुकादम हाय का? मुकादम हजेरीचा नंबर द्यायचा, त्या आठवड्यापुरता. आई एका आठवड्यात सतरा असायची, पुढच्या आठवड्यात चाळीस. सतराचे घमेले चाळिसापेक्षा हलके नव्हते, त्यामुळे नंबराला कोणी कवटाळून बसले नाही. कधी मुकादम आलाच नाही तर बायका आपसातच नंबर ठरवून टाकायच्या. ते नंबर एकमेकींना हाक मारायला पुरायचे, हजेरीला चालायचे नाहीत. कडुबा म्हणाला, मशीनही अगदी तसेच करते. डबडे गप्प राहिले तर आपणच एक नंबर लावून घेते. शेजारच्या मशीनशी बोलता येते, बाहेर मात्र कोणी विचारत नाही.

दोन आठवडे सगळे सुरळीत चालले. मग कडुबाने चूक केली. तो प्रामाणिक माणूस, कामाचा अहवाल दिला पाहिजे म्हणून त्याने कोणत्या मशीनला कोणता नंबर मिळाला आहे, त्याची छापील यादी साहेबांपुढे ठेवली.

आमच्या साहेबांचे नाव त्रिंबकराव. ते यादी वाचायला लागले की तळापासून वाचत नसत आणि मधूनही वाचत नसत. वरून वाचायचे, स्वतःचे नाव सापडेपर्यंत. त्या दिवशी ते बराच वेळ वाचत राहिले.

"मी चौतीस?" ते म्हणाले. "आणि रामकिसन दोन?"

रामकिसन आमचा शिपाई. सकाळी साडेनऊला येऊन आवक-जावकचे मशीन तोच सुरू करायचा. साहेब साडेअकराला यायचे.

"साहेब, जो आधी आला त्याला आधी भेटला," कडुबा म्हणाला.

"ही काय रेशनची लाईन आहे? आणि एक कोणाचा?"

"एक डबड्याचा, साहेब."

"डबडं कोणत्या संवर्गात येतं?"

कडुबाने माझ्याकडे पाहिले. आस्थापनेचे टेबल माझे, सगळे संवर्ग मला तोंडपाठ. पण काळ्या डबड्याचा संवर्ग मलाही सांगता येईना.

"डबड्याचा नंबर म्हणजे दाराचा नंबर, साहेब," कडुबा म्हणाला. "तुम्ही तो घेतला तर बाहेर जाणारं समदं तुमच्याकडं येईल."

"यायलाच पाहिजे. या ऑफिसातून जे जाईल ते माझ्यामार्फतच जाईल."

"पण तुमच्याकडून फुडं जाणार नाय."

साहेब हसले. मी मान खाली घातली. यात नवीन काय आहे, हे कडुबाला बाहेरचा माणूस म्हणून ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. डबड्याने आपोआप नंबर वाटण्याची पद्धत बंद. प्रत्येक मशीनला ज्येष्ठतेनुसार कायमचा नंबर, हाताने घालून. एक साहेबांना. दोन त्यांच्या खालच्या अधिकाऱ्यांना. तीन, पाच, सहा आणि आठ ही पदे रिक्त होती, म्हणून ते नंबर राखून ठेवले. न आलेल्या माणसांच्या न आलेल्या मशीनसाठी चार नंबर तसेच मोकळे पडून. दोन लिपिक एकाच तारखेला रुजू झालेले. त्यांच्यात बारा कोणी घ्यायचा यावरून आठवडाभर टिपण्या चालल्या. रामकिसनला सदतीस मिळाला. त्याला त्याचे काही वाटले नाही.

रूपालीला दोनशे एक नंबर मिळाला. टँकरचे सगळे प्रस्ताव तिच्या टेबलावरून जात. ती लासूर स्टेशनहून रोज रेल्वेने ये-जा करायची आणि दोन लेकरांची आई होती. पण नोकरी कंत्राटी, आणि कंत्राटी माणसाला ज्येष्ठता यादीत जागा नसते.

साहेबांनी आपल्या मशीनला एक नंबर घातला तशी त्यांच्या पडद्यावर पाटी आली, की हा नंबर इथे आधीच कोणीतरी वापरते आहे. साहेबांना ही बेअदबी वाटली. त्यांनी तोंडी हुकूम दिला, "मी येऊन बसल्याशिवाय डबडं सुरू करायचं नाही." त्याप्रमाणे रामकिसन साहेबांची वाट पाहायचा. साहेब बसले, त्यांचे मशीन सुरू झाले, की मग डबड्याचे बटण दाबायचा. आता साहेबांचे मशीन सुरू होताना हा नंबर कोणाचा असे विचारी, तेव्हा डबडे बंदच असे, म्हणून पाटी येईना. एका नंबरावर दोघेजण बसले. ऑफिसातली सगळी मशीने दार समजून साहेबांकडे कागद पाठवू लागली आणि ते कागद तिथेच जिरू लागले. साहेबांना पत्ता नव्हता. ते कॉम्प्युटरवर पत्ते खेळत, आणि त्याला बाहेरचे दार लागत नाही.

साहेब दौऱ्यावर गेले की रामकिसन सकाळीच डबडे लावायचा आणि दिवसभर कामे धडाधड व्हायची. साहेब परतले की सगळे बंद. सलग तीन आठवडे हे असे चालले आणि एकाही माणसाला त्यात काही बिघाड आहे असे वाटले नाही. साहेब असले की काम होत नाही आणि नसले की होते, हे आमच्याकडे नेटच्या आधीपासूनच होते.

पंचवीस एप्रिलला पारूबाई आल्या. फुलंब्रीकडच्या एका वाडीच्या त्या सरपंच. वाडीत नऊशे माणसे आणि त्याहून जास्त मेंढरे. दोन्ही विहिरी फेब्रुवारीतच आटलेल्या. त्या वर्षी टँकरची मंजुरी पंधरा दिवसांची असायची, आणि ती संपायच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पुढचा प्रस्ताव वर गेला पाहिजे, असा नियम होता. नाही गेला तर दुसऱ्या दिवसापासून टँकर बंद, आणि नवी फाईल फिरून यायला किमान आठ दिवस. वाडीची मुदत त्या दिवशी संपत होती.

दोन वाजता रूपाली माझ्या टेबलाशी आली. "ताई, सकाळपासून बसलेय. पान उघडतच नाही. मोबाईलवरून पाहिलं, तिथून घेत नाही. ऑफिसच्या लाईनीवरूनच पाहिजे म्हणतंय."

पारूबाई तिच्या मागेच उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर दाताखाली धरलेला. "मॅडम, म्या सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. कागद समदे आणले. आता काय राह्यलं?"

"तुमचं काही राहिलं नाही, पारूबाई. आमचंच राहिलंय."

मी कडुबाला फोन केला. तो साडेतीनला आला, साहेबांच्या केबिनच्या काचेतून आत डोकावला आणि परत आला.

"साहेबांची वायर डबड्यातून काढली तर दोन मिनिटांत चालू होतं," तो म्हणाला. "पण डबडं त्यांच्या डोक्यावर अन् ते त्याच्याखाली बसलेले."

मी आत गेले. साहेबांपुढे पत्त्यांचे सात ढीग मांडलेले होते.

"साहेब, पाचच्या आत एका वाडीचा प्रस्ताव जायचाय. तुमचं मशीन जरा अर्धा तास बंद ठेवता येईल का?"

"सत्यशीलाबाई, कार्यालय प्रमुखाचं मशीन कार्यालयीन वेळेत बंद? तपासणीत काय उत्तर देऊ?"

"मग निदान नंबर बदलू. कडुबा म्हणतो, दोनशे चोपन्न शेवटचा असतो, तो मोकळा आहे."

"शेवटचा," साहेब म्हणाले. लाल बदामाची राणी त्यांनी काळ्या राजावर ठेवली. "तुमच्या निवृत्तीला महिना राहिलाय म्हणून मी काही बोलत नाही."

बाहेर येऊन मी झाले ते सांगितले. घड्याळात पावणेचार. रूपाली रडकुंडीला आली होती. पारूबाई मात्र विचारात पडल्या.

"ताई, ह्यो माणूस खुर्चीवरून उठतो कशानं?" मॅडमची ताई झाले, ती त्या क्षणाला.

"चहा आत जातो. डबा आत जातो."

"लघवीला बी नाय का उठत?"

"आतच सोय आहे."

"मोठ्या साहेबाचा फोन?"

"बसूनच घेतात. फक्त पाठ ताठ करतात."

"मंग? देव आला तरी उठायचा नाय का?"

"देवाला नाही," मी म्हणाले. "सत्काराला उठतात."

पारूबाईंनी पदर दातातून सोडला. "करा की मंग. म्या करते. कशाचा करायचा?"

"नंबर एकचा," कडुबा म्हणाला.

आस्थापनेच्या कपाटात निरोप समारंभासाठी एक शाल आणून ठेवलेली होती. निरोप माझाच होता. ती काढली. रामकिसनने स्टोअरच्या देवापुढचा नारळ आणला. मी पुन्हा केबिनमध्ये गेले आणि सांगितले, की फुलंब्रीकडच्या सरपंच बाई आपला जाहीर सत्कार करू इच्छितात, संगणक व्यवस्थेला शिस्त लावल्याबद्दल, खाली सभागृहात.

साहेब उठले. आरशात पाहून केस बसवले. "सगळ्यांना बोलवा. क्रमाने बसवा."

क्रमाने बसवण्यात दहा मिनिटे गेली. सभागृह एक जिना खाली. चार वाजून पाच मिनिटांनी केबिन रिकामी झाली आणि कडुबा खुर्चीवर चढला. मी सभागृहाच्या दारात उभी राहिले, जिथून जिन्याच्या वरच्या पायरीवरचा रामकिसन दिसायचा. प्रस्ताव गेला की त्याने हात वर करायचा होता.

पारूबाईंनी शाल घातली, नारळ दिला. फोटो निघाले. साहेबांचे डोळे मिटलेले आले म्हणून पुन्हा निघाले. मग ते बोलायला उभे राहिले. एरवी हा माणूस पाऊण तास थांबत नाही, पण ऐकायला मंडप नव्हता, पत्रकार नव्हते. त्यांनी बारा मिनिटांत आटोपते घेतले. रामकिसनने मान हलवली, नाही. सात पानांचा अर्ज, तिसऱ्या पानावर अडकला होता, हे मला मागाहून कळले.

साहेब शाल सावरत खुर्चीपासून निघाले तशा पारूबाई आडव्या आल्या.

"साहेब, आमी अडाणी माणसं. तुमी नंबर एक झाले म्हनत्यात, पण ते कसं झाले, तेवढं सांगा की. गावात गेल्यावर लोक इचारत्यान."

साहेबांनी आजूबाजूला पाहिले. दोन लिपिकांनी माना डोलावल्या. साहेब परत फिरले. मग त्यांनी सुरुवातीपासून सांगितले. आधी नंबर कसे वाट्टेल त्याला मिळत, शिपायाला दोन आणि प्रमुखाला चौतीस, ही कशी अनागोंदी होती. मशीनने मोठमोठ्याने ओरडून मागायचे आणि कोणीतरी द्यायचे, ही काय पद्धत झाली? मागणाऱ्याची पात्रता कोण पाहणार?

"व्हय की," पारूबाई म्हणाल्या. "वरडल्यावर द्यायचं म्हनजे कोणीबी वरडंल. आमी बी वरडू."

साहेबांना हे फार पटले. त्यांनी त्यावर आणखी दहा मिनिटे घेतली. पारूबाई मध्येमध्ये विचारीत राहिल्या. रिकाम्या खुर्च्यांचे नंबर का राखले? दोन कोण? डबड्याला आता काय काम राहिले? प्रत्येक प्रश्नाला साहेब खुलत गेले. नऊशे माणसांचे पाणी त्या बाईच्या जिभेवर होते आणि तिचा आवाज एकदाही हलला नाही. पाचाला आठ मिनिटे कमी असताना जिन्यावर रामकिसनचा हात वर झाला.

पारूबाईंनी साहेबांना वाक्याच्या मधेच सोडले. "बरं साहेब, निघते. गाडी हाय माझी."

वर रूपालीने पोच छापून ठेवली होती. पारूबाईंनी ती दोनदा वाचली. मंजुरी मिळाल्यास मुदत पंधरा दिवस, दहा मेपर्यंत.

"म्हनजे दहाला पुन्यांदा?"

"पुन्हा."

"साहेब कवा बदलून जानार?"

"निवृत्तीला अजून सात वर्षं आहेत त्यांच्या. बदलून गेले तरी नंबर बरोबर नेतील."

त्या हसल्या नाहीत. पोच घडी करून पिशवीत ठेवली आणि साहेबांची वायर परत जोडून आलेल्या कडुबाला म्हणाल्या, "भाऊ, तुझं गाव कोणतं? तिथं टँकर येतो का?" त्याने गाव सांगितले, अठ्ठावीस तारीख सांगितली. "मंग तुझ्या सरपंचाला आजच सांग," म्हणून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वाडीत टँकर पोचला. पण पारूबाईंनी बसमध्ये जे सांगितले ते टँकरच्या आधी गावोगाव पोचले असावे. मे महिना लागला तसे सरपंच शाल घेऊनच येऊ लागले. कोणी साहेबांच्या लग्नाच्या वाढदिवसाचा सत्कार केला, कोणी त्यांच्या मुलीच्या बारावीच्या टक्क्यांचा. साहेब खाली गेले की रामकिसन त्यांची वायर काढायचा आणि रूपाली साठलेले प्रस्ताव एकामागून एक सोडायची. जिल्ह्यात इतर ऑफिसांमध्ये प्रस्ताव पडून राहिले, आमच्याकडे एकही राहिला नाही. वरून कौतुकाचे पत्र आले आणि इतर ऑफिसांनीही ज्येष्ठतेची ही पद्धत तपासून पाहावी, असे त्यात सुचवले होते. दहा मेला पारूबाईंच्या वाडीचा प्रस्ताव साहेबांच्या वाढदिवसात गेला, पंचवीसला आणखी एका सत्कारात.

एकतीस मेला मी निवृत्त झाले. माझ्या टेबलाचा कार्यभार रूपालीकडे तात्पुरता द्यायचा होता. सेवापुस्तके, शिक्के, चाव्या यांच्या याद्या झाल्यावर मी तिला आणखी एक कागद दिला. डाव्या बाजूला गावे आणि त्यांच्या मुदती, उजव्या बाजूला त्या त्या तारखेला साहेबांना खुर्चीवरून उठवायचे कारण. पाऊस लागेपर्यंतचे.

तिने तो वाचला. "ताई, पारूबाईंची वाडी नऊ जून. तिथं कारणच नाही लिहिलेलं. पाच जूनला पर्यावरण दिन आहे, पण तो चार दिवस आधी येतो."

"पाचला रविवार आहे. ऑफिस बंद. म्हणजे कार्यक्रम पुढे ढकलावाच लागेल. नऊला ढकल. आवारात खड्डा खणून ठेव, साहेबांच्या हस्ते झाड लावायचं म्हण."

"पाऊस नाही, पाणी नाही. झाड जगेल का?"

"झाडाचा प्रस्ताव आपल्याकडे नाही," मी म्हणाले.

नऊ जूनला मी घरी होते. आभाळ कोरडेच होते. साडेचारला रूपालीचा फोन आला.

"ताई, गेला. चार पंचवीसला गेला. पोच पारूबाईंच्या हातात दिली."

"आणि साहेब?"

"ते अजून खड्ड्यापाशीच आहेत. फोटोवाला यायचाय."